नवा आधी बोलणार

अहो, त्याच्यावर डाफरू नका. पोरगं नवीन आहे, आणि विचारतंय ते त्याचं कामच आहे. तुमचं औषध व्हायला वेळ लागेल अजून. तिकडं सावलीत बाकावर बसा, तोवर ह्या दुकानाचीच एक गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर वाटलं तर डाफरा, मी अडवणार नाही.

हे दुकान सहदेवचं. कल्याणात पारनाक्यावर कुणालाही विचारा, सहदेव कंपाउंडर म्हटलं की माणूस आधी जरा मागं सरतो आणि मग बोट दाखवतो. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कोकणातून आलेला, एका म्हाताऱ्या केमिस्टच्या हाताखाली बाटल्या विसळत मिशा फुटल्या. पुढं कायदा झाला, औषध बनवणाऱ्याचं नाव सरकारात लागलं पाहिजे. तेव्हा इतक्या वर्षांच्या अनुभवावर याचंही लागलं. नाव लागलं म्हणजे शिकाऊ ठेवायची मुभा मिळाली. त्यानं तीन ठेवले.

तीन म्हणजे तीन पायऱ्यांवरचे. पोपट अगदी नवा, बाटलीला बूच कुठल्या बाजूनं लावायचं तेही त्याला माहीत नव्हतं. आनंद मधला. आणि वरची शकू, हिचं शिकणं संपत आलेलं. शहाडला एका कारखान्याच्या दवाखान्यात जागा निघालेली आणि त्यांनी तिला सांगून ठेवलेलं, दाखला घेऊन ये, जागा तुझी.

आता सहदेव शिकवायचा कसा, तर त्याला म्हाताऱ्यानं शिकवलेलं तसा. पोपट मागं मोरीत बाटल्या धुणार. आनंद सगळ्यांकडं पाठ करून बसून पुड्या बांधणार. शकू वजनाच्या काट्याशी. ह्याचं त्याला कळायचं नाही, त्याचं हिला कळायचं नाही. एकदा पोपटानं विचारलं, भाऊ, ही बाटली तपकिरी का? तर सहदेव म्हणाला, "तू धू. रंगाचं बाटली बघून घेईल." झालं शिक्षण. त्या दुकानात नव्यानं तोंड उघडायचं ते जांभई द्यायला, आणि तीसुद्धा बाहेर जाऊन.

मग वरून फर्मान आलं. ज्यांच्या दुकानात शिकाऊ आहेत त्या सगळ्या मालकांनी ठाण्याला वर्गाला बसायचं. शिकवायचं कसं ते शिकायचं. जो वर्गात पास होणार नाही त्याच्या शिकाऊंचे दिवस धरले जाणार नाहीत, म्हणजे त्यांना दाखला नाही.

सहदेव असा पेटला की समोरचा पानवाला उठून बघायला आला. उभ्या जन्मात न्हाव्याला कुणी सांगितलंय का, ये, तुला वस्तरा धरायला शिकवतो? माझ्या हातचं औषध पिऊन माणसं नातवंडांच्या लग्नात नाचली, आणि मला शाळेत घालता? मी नाही जात, काय करायचं ते करा. तासभर चाललेलं. शकू काट्यावरची पूड खाली उतरवून शांतपणे म्हणाली, "भाऊ, रागवा. पण तिथं जाऊन रागवा. माझी जागा आहे त्यात."

म्हणून गेला. तिच्यासाठी गेला, रागवायलाच गेला.

वर्ग होता तलावपाळीजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात. शिकवायला मुंबईच्या सुहासिनीबाई, औषधाचं मोठं शिक्षण घेतलेल्या, वयानं सहदेवच्या धाकट्या बहिणीएवढ्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. सहदेवला त्याचाच जास्त राग यायचा, कारण भांडायला समोरून काहीतरी यायला पाहिजे ना.

बाई म्हणाल्या, तुमच्याकडं तीन तऱ्हेची मुलं असतात, त्यांना तीन कोपऱ्यांत बसवू नका. डॉक्टरची चिठ्ठी एक, टेबल एक. नव्यानं पेशंटला विचारायचं आणि जे दिसेल ते बोलायचं. मधल्यानं औषध करायचं. वरच्यानं तपासायचं आणि नव्याला सांगायचं, हे असं का. आणि मास्तरनं हात पाठीमागं बांधून उभं राहायचं, तोंड शेवटी उघडायचं. हे सगळं तुम्ही आधी स्वतः करून बघा. आज तुम्हीच शिकाऊ.

आणि कुणी काय व्हायचं ह्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. सहदेवच्या टेबलाशी तिघं. डोंबिवलीचे प्रभाकरपंत, दुकानदारांत सगळ्यात वजनदार, ते झाले वरचे. मुरबाडकडचा तानाजी झाला मधला. आणि सहदेव नवा.

तो नुसता फणफणला. ज्या प्रभाकरपंतांना खलात पूड घोटताना शिंका येतात ते वरचे, आणि मी नवा. बरं. नवा म्हणालात ना? मग नवाच राहतो. माझ्या दुकानात नवा राहतो ना, अगदी तसा. ओठ मिटून घेतले आणि मोरीकडं तोंड करून उभा राहिला. बाई जवळून जाताना म्हणाल्या, सहदेवराव, नव्यानं विचारायचंय. ह्यानं नुसती मान हलवली.

आता दवाखाना चालू होता, पेशंट खरे होते. बाळकुमची तुळसा आली. मिठागरावर राबून हात फाटलेले, घरी नात डांग्या खोकल्यानं काळीनिळी होत होती. डॉक्टरनं चिठ्ठी दिली, तिनं टेबलावर ठेवली आणि शेजारी घरून आणलेली बाटली ठेवली.

तुम्हाला माहीतच आहे, मिक्श्चर घ्यायला जो तो आपली बाटली घेऊन येतो. तुळसाची बाटली चांगली पसरट, पोट सुटलेली. दारूबंदी झाल्यापासून असल्या बाटल्यांना औषधाशिवाय धंदा राहिला नव्हता. आणि बाटलीवर डोससाठी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवतात, एक खाच म्हणजे एक डोस. दवाखान्यात गर्दी, म्हणून तिथल्या उभट बाटल्यांच्या मापाच्या पट्ट्या सकाळीच कातरून त्यांची चळत करून ठेवलेली.

सहदेवनं बाटली धुतली. तानाजीनं औषध केलं, मापात बरोबर केलं, ओतलं, आणि चळतीतली वरची पट्टी काढून चिकटवली. बाटली पसरट, त्यामुळं औषध पट्टीच्या अर्ध्यापर्यंतच आलं. म्हणजे एका खाचेत दोन डोस. आणि त्या औषधात जालीम काढा असतो, थेंबांनी मोजायचा. मापात गेला तर उबळ थांबते, दुप्पट गेला तर एवढ्याशा पोराचे डोळे फिरतात.

सहदेवला दिसलं. पट्टी चिकटवली त्याच घटकेला दिसलं. एवढी वर्षं तेच केलेलं, त्याला नाही दिसणार तर कुणाला? पण तो नवा होता ना. नवा बोलत नाही. त्यानं मनात म्हटलं, आता वरचे साहेब तपासतील, बघू काय दिवे लावतात ते. बाई नेमक्या तेव्हा आत डॉक्टरकडं गेलेल्या. प्रभाकरपंतांनी बाटली उचलली, चिठ्ठीवरचं नाव बघितलं, बाटली तुळसाच्या हातात दिली. ती काहीतरी म्हणाली, त्यांनी हातानं उडवून लावलं, पुढचा माणूस घेतला.

गर्दी सरली तेव्हा बाईंनी तिघांना बसवलं आणि पहिलं नव्याला विचारलं, काय दिसलं? सहदेव ह्याचीच वाट बघत होता. छाती काढून म्हणाला, "एका बाटलीवर पट्टी चुकीची दिसली. अर्ध्यावर औषध होतं."

"बाटली कुठं आहे?"

"गेली बाळकुमला."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"नव्यानं बोलायचं नसतं," सहदेव म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच ऐकू आलं. छाती खाली बसली. मघापासून जे औषध तो प्रभाकरपंतांच्या फजितीचं धरून चाललेला ते एका पोरीच्या पोटात जाणार होतं.

पुढचं ऐकायला हा थांबला कुठं? दवाखान्याच्या शिपायाची सायकल भिंतीला होती, तीवर टांग टाकली. धोतर चेनमध्ये, ऊन डोक्यावर, बाळकुमच्या वाटेला भर दुपारी स्वतःलाच शिव्या घालत चाललेला माणूस. बैलगाडीवाला घाबरून बाजूला झाला म्हणतात.

तुळसाचं घर सापडलं. पोरगी ओट्यावर आजीच्या मांडीत, खोकून दमलेली, पण डोळे शाबूत. बाटली कोनाड्यात, बूच तसंच. सहदेवला आधी धाप आवरेना, मग विचारलं, पाजलं का? तर तुळसानंच त्याला धारेवर धरलं. "काय पाजू? अर्धी बाटली दिलीव. गरिबाला फसवतांव. मी त्या मानसाला बोल्ली, बाटली अर्धी हाय. त्यो बोल्ला, चल निंग. उद्या येऊन भांडायचं म्हनून तशीच ठेवलीय मी ती."

भांडण राहिलेलं म्हणून औषध राहिलेलं. तुळसाच्या रागानं पोरगी वाचली, आणि सहदेवच्या रागानं ती जाता जाता राहिलेली. एकच राग, पण हिनं तोंड उघडलं आणि त्यानं मिटलं. सहदेव ओट्याच्या कडेला खाली बसला. मग म्हणाला, उद्या कशाला, आत्ता चल भांडायला. शेजारणीकडं पोर दिली, टांगा केला, सायकल टांग्याला बांधली.

दवाखान्यात पोचला तर बाई डॉक्टरांकडं आत बसलेल्या. प्रभाकरपंतांनी ह्याला दारातच गाठलं, तानाजी मागं उभा. पोर बरी आहे ऐकल्यावर प्रभाकरपंतांनी सुस्कारा टाकला आणि सगळं कसं मिटवायचं ते सांगितलं. त्या बाळकुमच्या बाईनं घरी बाटली बदलली, असं म्हणायचं. गावाकडची माणसं, बदलतात. तिला नवीन औषध करून देऊ, तिघंही पास होऊ. तानाजी जमिनीकडं बघत होता, त्याचेही शिकाऊ होते.

सहदेव म्हणाला, ती बाहेर उभी आहे.

"असू दे. तुझी ती शकू आहे ना? शहाडची जागा आहे ना तिची?" प्रभाकरपंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग गप्प बस. सकाळी बसलेलास तसा."

तो हात त्याला विंचवासारखा लागला. शकू त्याच्या डोळ्यांसमोर आली, खोटं कशाला सांगू. पण त्यानं खांदा झटकला, दार सताड उघडलं, तुळसाला आत घेतलं आणि बाई आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत आवाज खाली केला नाही.

"ही बाई टेबलाशी बोलली, हिला ह्यांनी हाकलली. मला दिसत होतं, मी बोललो नाही, कारण मला नवा केला म्हणून मी रुसलेलो. ज्यांना दिसलं त्यांची तोंडं बंद आणि ज्यांनी बघायचं त्यांना आंधळेपणाचा मान, असं कसलं हो हे दुकान आपलं? आणि आता चूक हिच्या माथी मारायची? माझ्याकडं तीन पोरं आहेत. त्यांनाही मी हेच शिकवलंय, गप्प बसायचं. मला नापास करा. पण हिचं नाव घेतलंत तर ह्या दवाखान्याच्या दारात बसून सगळं ठाणं गोळा करीन."

तुळसा म्हणाली, "आता कसं बोल्लास."

बाईंनी आधी योग्य बाटलीत औषध करून घेतलं, पट्टी समोर कातरली, आणि सहदेवलाच सांगितलं, तुळसाला विचारा, चमचा कुठला आहे घरी, कधी पाजणार. त्यानं विचारलं. मग त्या तिघांना म्हणाल्या, ह्या खेपेला तुम्ही तिघंही नापास. आणि मी टेबल सोडून गेले, ती चूक माझी, तेही मी वर सांगणार आहे.

पारनाक्यावर येऊन त्यानं शकूला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं काटा पुसून ठेवला. मग म्हणाली, "खरं बोललात ते बरं केलंत भाऊ. पण जागा माझी गेली." आणि गेलीच. पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर होता, कारखाना तेवढा थांबतोय होय?

पुढच्या वर्गात पास झाला तो. त्याच्या आधीच दुकानात टेबल एक केलेलं. मोरीतून पोपटाला पुढं आणला, आनंदची पाठ फिरवून तोंड इकडं केलं. पहिल्या दिवशी पोपट काही बोलेचना, इतका घाबरलेला. सहदेवनं हात पाठीमागं घेतले आणि सांगितलं, तू विचारल्याशिवाय इथून बाटली हलणार नाही, उभे राहू सगळे रात्रीपर्यंत. तेव्हा पोपटानं विचारलं, भाऊ, ती बाटली तपकिरी का असते? आणि शकूनं सांगितलं, उजेडानं आतलं औषध बिघडतं म्हणून.

ती बघा, आत काट्याशी उभी आहे ती शकू. आता इथंच काम करते, तिचा दाखला भिंतीवर लावलाय. पोपट आता मधला झाला. आणि मागं हात बांधून, दातओठ खात उभा आहे ना, तो सहदेव. तुम्ही मघाशी ह्या पोरावर ओरडलात, "तुला काय कळतंय, मोठ्याला बोलव," तेव्हा त्याला तुमच्या अंगावर यायचं होतं. पण त्याचं तोंड शेवटी.

हे बघा, आलं पोरगं परत. तेच विचारणार, औषध मोठ्याला की लहानाला, बाटली घरची का, चमचा कुठला. एवढं करा माझ्यासाठी. पलीकडं सहदेवकडं नका बघू. ह्या पोराकडं बघा, आणि विचारतोय ते सगळं त्याला नीट सांगा.