हात लावू नये

कारागिरांच्या मेळ्यात येणारी बहुतेक माणसं व्हर्जिल स्टेनबर्गला मूर्ख वाटत. उरलेली त्याच्या विमानाभोवती उभी असत. तीही फार शहाणी होती असं नाही, पण निदान बघायचं कुठे हे त्यांना कळत होतं.

सॅन मटेओच्या मैदानात यंदा त्याच्या उजव्या हाताला एक अवकाश मोहीम आली होती. म्हणजे चार दाढीवाले आणि एक फुगा. फुग्याला थर्माकोलचा डबा, डब्यात कापसाचं अस्वल. ते अस्वल अवकाशाच्या काठापर्यंत जाऊन मोडेस्टोजवळ कुणाच्या तरी गोठ्यात पडलं होतं, आणि त्याच्या पोटावरचा शेणाचा डाग चौघे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं दाखवत होते. डाव्या हाताला पॅनकेक उलटणारा रोबो. मधूनच एखादं पॅनकेक तो मांडवाच्या छताला चिकटवी आणि लोक टाळ्या वाजवीत. समोरून कपकेकच्या आकाराच्या गाडीत बसून एक गलेलठ्ठ इंजिनिअर घंटी वाजवत जाई. व्हर्जिल खुर्चीत बसून हे सगळं बघे आणि हातातल्या फडक्याची घडी नीट करी.

त्याचं विमान मात्र विमान होतं. लाकडी सांगाडा, कापडाचे पंख, एकाच माणसाची बैठक. सगळं गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं बांधलेलं. लाल रंग असा, की त्यात बघून दाढी करावी. पुढे दोरी आणि दोरीला पाटी : हात लावू नये. लोक लावतच. बोटांचे डाग पडत, अंगठ्यांचे ओरखडे उठत. म्हणून दर मेळ्याआधी तो रंगाचा आणि वरून पारदर्शक लॅकरचा एक नवा हात देई.

ते कधी उडालं नव्हतं. कुणी तसं विचारलंच, तर व्हर्जिल म्हणे, "मग काय, फ्रीज वाटतो का?" विचारणारा ओशाळून पुढे सरके.

यंदा मात्र ते उडवायचं होतं. हृदयाच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी त्याला वैमानिकाचा दाखला नाकारला होता, म्हणजे मोठी विमानं संपली. राहिली ती सगळ्यात हलकी जात. दोनशे चोपन्न पौंडांच्या आत भरलं, तर त्या विमानाला परवाना लागत नाही आणि डॉक्टरही विचारत नाही. नुसतं कापड चढवलं होतं तेव्हा व्हर्जिलचं विमान आरामात आत भरलं होतं. मेळा संपला की ते धावपट्टीवर न्यायचं त्यानं ठरवलं होतं. पुढल्या वर्षी आपले गुडघे त्या बैठकीत शिरतील, याची त्याला खात्री नव्हती.

व्हर्जिल ज्या हौशी विमानबांधणीच्या क्लबात होता, त्या क्लबचं दुसरं विमान मागे, फिरत्या शौचालयांच्या बाजूला उभं होतं. ते विल्मा ओचोआचं. रंग नाहीच, कापडावरचा पहिला रुपेरी थर तेवढा. टाके उघडे, ठिगळं दोन. व्हर्जिल त्याला वाळत घातलेलं धुणं म्हणे. विल्मा ते दर रविवारी उडवी, आणि मेळ्यात कुणालाही आत बसवून सुकाणूचा दांडा हलवू देई. दुपारी तिच्याकडची रांग व्हर्जिलच्या दोरीपर्यंत आली, तेव्हा त्याला राहवेना. क्लबचा अध्यक्ष हँक कॉफी घेऊन चालला होता. व्हर्जिलनं त्याला चारचौघांत अडवलं.

"त्या धुण्याला केवढं इंजिन बांधलंय बघितलंस? ते मर्यादेत असणं शक्य नाही. वजन कर."

हँकनं कॉफीचा घोट घेतला. मग जरा चाचरत त्यानं क्लबच्या नियमाची आठवण करून दिली. जो दुसऱ्याचं वजन मागेल, त्यानं आधी आपलं चढवायचं. रिकामटेकड्या कुचाळक्या बंद व्हाव्यात म्हणून हा नियम कैक वर्षांपूर्वी व्हर्जिलनंच आणला होता.

"मग आण काटे," व्हर्जिल म्हणाला.

तिन्ही चाकांखाली तीन काटे सरकवले. शेपूट व्हर्जिलनं स्वतः उचलून ठेवलं. हँकनं बेरीज केली, मग पुन्हा केली.

"व्हर्जिल, अकरा पौंड जास्त भरतंय."

काटा बिघडलाय, असं व्हर्जिल म्हणाला. हँक निमूट काट्यावर उभा राहिला, आणि काट्यानं त्याचं नको तेवढं खरं वजन सगळ्यांना दाखवलं. मग विल्माचं विमान चढवलं. ते मर्यादेच्या आत भरलं. फुगेवाल्यांपैकी कुणीतरी शिट्टी मारली.

टाकीत इंधन थेंबभरही नव्हतं. मग आत घातलंय तरी काय, असं हँक विचारू लागला. विल्मा वाकली. बैठकीच्या कडेला एक टवका उडाला होता, तिथे तिनं नख लावलं. लाल, पारदर्शक, लाल, पारदर्शक, असे थर चिरलेल्या कांद्यासारखे दिसत होते.

"आत काही नाही घातलं यानं," ती म्हणाली. "वरून चढवलंय. दर मेळ्याला एकेक."

"मग तुझ्यासारखं उघडंनागडं फिरवू?"

"फिरवू नकोस, म्हाताऱ्या. उडव."

ती गेली आणि बादलीभर पाणी व पॉलिशपेपर घेऊन आली. ते त्याच्या खुर्चीशी ठेवून रांगेतल्या लोकांकडे परतली. व्हर्जिलनं बादलीकडे पाहिलंच नाही. फडकं उचलून तो काट्यांवरून उतरवलेलं विमान पुसू लागला. पंखात त्याचा चेहरा दिसत होता, त्याच्यामागे लोकांचे. सगळेच सारखे तोंड वासून.

"हे उडतं का हो?" गळ्यात मेळ्याचा बिल्ला अडकवलेल्या एका बाईनं विचारलं.

फ्रीज त्याच्या ओठांवर आला होता.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही लोकांनी बघून बघून जड केलंय."

बाईला काही कळलं नाही. व्हर्जिलनं फडकं पाटीवर टाकलं, कागद पाण्यात बुडवला आणि डाव्या पंखाच्या मधोमध घासायला सुरुवात केली. लाल पाणी कोपरापर्यंत ओघळलं. घासल्या जागी पंख मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसू लागला. एक जण कळवळून म्हणाला, अहो, एवढं देखणं काम का नासवता. दुसऱ्यानं निदान एक फोटो काढेपर्यंत थांबायची विनंती केली. व्हर्जिल थांबला नाही. तेवढ्यात शेजारी रोबोनं आणखी एक पॅनकेक छताला चिकटवलं आणि गर्दी तिकडे वळली.

त्यांच्या पाठींकडे बघून व्हर्जिलनं नाक मुरडलं. इतकी वर्षं यांच्यासाठी रंग दिला.

कागद हातात फाटला.

"विल्मा," त्यानं मागे न बघता हाक मारली, "अजून एक दे. खरखरीत दे."

"बारीकच मिळेल. कापड फाडून बसशील."

"बरं, बारीक दे."