उंदरापुरती रक्तवाहिनी

“तुझी ती नळी झाली का गं तयार?” बाबांनी फोनवर नेहमीसारखंच विचारलं.

फोन स्पीकरवर लावून तिने फळीवर ठेवला होता. हातमोजे घातलेले दोन्ही हात प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक हूडच्या काचेआड होते आणि चिमट्यात बुटाच्या नाडीएवढी पांढरी नळी होती, पेशींपासून वाढवलेली रक्तवाहिनी. तिचं खाद्य, म्हणजे पोषक द्रव, बदलायचं काम चालू होतं. मध्येच सोडलं तर जंतू शिरणार आणि सगळंच मुसळ केरात. मागची खेप अशीच बुरशीने खाल्ली होती. गाईडबाई तर ‘अजून एकच प्रयोग, मग प्रबंध लिही’ हे पालुपद सोडायला तयार नव्हत्या. मैत्रिणींची मुलं शाळेत जाऊ लागली, ही अजून नळ्यांना भरवत बसली होती. तिला वीट आला होता, पण सोडलं तर इतकी वर्षं पाण्यात.

“आई कुठाय?”

“डॉक्टरांना आणायला गेलीय. पाय काळा पडलाय, गुडघ्याखाली कापू म्हणतात. मी म्हटलं, थांबा जरा. माझ्या मुलीची नळी येतेय.”

पायाची रक्तवाहिनी बुजल्यापासून बाबा न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना हेच ऐकवत होते. सुरुवातीला तिलाही मूठभर मांस चढलं होतं. मग खरं सांगायचं राहूनच गेलं.

“बाबा, थांबू नका. विष अंगभर पसरेल. जिवावर बेतेल.”

“मग तू लवकर आण ना.”

“ती तुमच्यासाठी नाहीये हो. उंदराला बसवायचीय. माणसापर्यंत यायला अजून कितीतरी वर्षं लागतील. मी आधीच सांगायला हवं होतं.”

“उंदराला होय,” बाबा म्हणाले. “बरं. नीट बसव हो.”

फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही आणि तिला हात बाहेर काढता येईनात. डोळ्यांना धार लागली होती, पण पुसायचीही सोय नव्हती. स्वतःवरच चरफडत तिने नळी ताज्या द्रवात अलगद सोडली.

स्पीकरमधून दार उघडल्याचा आवाज आला, मग डॉक्टरांचा. “काय ठरलं काका? अजून थांबायचंय?”

“छे, कापून टाका,” बाबा घसा खाकरून म्हणाले. “आत्ताच मुलीशी बोललो. ती यातलीच आहे, तिला सगळं कळतं.”