पाच रुपयांची जत्रा

"झिरो पाहा, झिरो! नंतर म्हणान, बाईनं कमी टाकलं!"

सकाळचे आठ वाजले नव्हते तोच प्रेमिलाचा आवाज बसला होता, पण तिला त्याची फिकीर नव्हती. मोटारसायकलींची रांग पंपाच्या आवारातून निघून थेट छिंदवाडा रोडवर गेली होती आणि वळणाच्या पलीकडे ती कुठवर होती ते तिला दिसतही नव्हतं. केळवदच्या पुढचा, महाराष्ट्राच्या हद्दीतला हा शेवटचा पंप. काल या वेळेला पेट्रोलच्या बाजूला एक खुर्ची, एक कुत्रं आणि प्रेमिला एवढीच वस्ती होती, आणि त्यातलं कुत्रंही दुपारी कंटाळून उठून गेलं होतं.

"टीव्हीवर पाह्यलं आन सकाळीच गाडी काढली," रांगेतला पहिला म्हणाला. गाडीचा नंबर मध्य प्रदेशचा होता. "सौंसरहून आलो. फुल करा बाई."

"करते ना बाप्पा! आज काय कमी हाय आपल्याकडं!"

सौंसरहून इथवर येऊन परत जायचं तर वाचलेले पैसे येण्याजाण्यातच जळणार होते. पण स्वस्त म्हटलं की हिशोब कोण करतो? आपल्या राज्यात महाग आणि शेजारच्या राज्यात स्वस्त, एवढं कळलं की माणूस गाडीला किक मारतो.

खरं म्हणजे पेट्रोल दोन्हीकडे तेच. वास तोच, रंग तोच. मधे फक्त हद्दीचा दगड. दगडाच्या अलीकडे एक सरकार आपला कर लावतं, पलीकडे दुसरं आपला. बरीच वर्षं हा फरक उन्नीस-बीसचा होता, तोवर ज्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडे सुखानं होतं. गेल्या दिवाळीला तिकडच्या सरकारनं कर उतरवला, इकडच्यानं नाही उतरवला, आणि प्रेमिलाच्या पंपाला घरघर लागली. सावनेरची माणसं टाकीत चार थेंब उरवून, गाडी तिरकी करकरून हद्द ओलांडायची, पण इथं थांबायची नाहीत. थांबलीच तर हवा भरायला. हवा फुकट होती.

आणि काल मुंबईतल्या सरकारनं पेट्रोलवरचा कर पाच रुपयांनी उतरवला. एका रात्रीत पारडं फिरलं. आता तिकडचंच दोन-अडीच रुपयांनी महाग.

प्रेमिला पन्नाशीची. संत्री तोडायला, निंदणाला आयुष्यभर गेली, पण महिन्याचा पगार म्हणून हातात पडला तो या पंपावरच. साडीवर निळा शर्ट घालायचा, तो ती रोज धुवायची आणि उशीखाली घडी करून इस्त्री करायची. गेल्याच आठवड्यात मालक भैयाजींचा नागपूरहून फोन आला होता. "प्रेमिलाबाई, महिनाअखेरपर्यंत पाहतो. असंच राह्यलं तर पंप बंद करून जागा ढाब्याले देऊन देतो." तिनं "जी" म्हणून फोन ठेवला होता आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नव्हतं. शर्ट घरी नेऊन काय करायचं, हा विचार तिला सोसवत नव्हता.

त्यात घरी लहानू. लहानू तिचा नवरा, आणि चौदा वर्षं हद्दीपलीकडच्या पहिल्या पंपावर कामाला. लाल शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, जो येईल त्याचं नाव तोंडपाठ. दिवाळीनंतर त्याच्या पंपावर मुंगीला वाट मिळेना, तेव्हापासून हा गडी जमिनीपासून वीतभर वर चालत होता. रात्री ताटावर बसला की सुरू.

"काय वं, आज माश्यांनी फुल केली का शंभराचंच टाकलं?"

शेजारचे हसायचे. प्रेमिलाही हसायची. पण तिला ते लागायचं, आणि चांगलंच लागायचं. माश्या मारायचा पगार घेणारी म्हणून आपली ओळख व्हावी, हे तिला बिलकूल मान्य नव्हतं.

आज पहाटे मात्र तिनं ऐकवलं होतं. "आता पाहा तुमी. येतात का नाही सगळे माह्याकडं!"

लहानू बूट घालत होता. "पाच रुपयांनं काय होते? माह्ये गिऱ्हाईक रेट पाहून नाई येत, मले पाहून येतात."

दहा वाजेपर्यंत पंपावर जत्रा भरली. कोणी तरी भुट्टे भाजायला शेगडी मांडली. त्याच्या बाजूला भज्यांची गाडी लागली. एक मास्तर बायको आणि दोन पोरींना घेऊन आला होता. पेट्रोल भरून झाल्यावर पोरींनी भुट्टे खाल्ले, बायकोनं पंपापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. डिझेलच्या बाजूला पंपावरचा दुसरा माणूस, गिरिधर, ट्रकवाल्यांशी भांडत होता. तो एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, पण आज त्यालाही तोंड फुटलं होतं. रस्त्यावरून जाणारी बस हळू झाली आणि खिडक्यांतून लोक माना काढून विचारू लागले, काय गा, अपघात झाला का?

"अपघात नाई, पेट्रोल सस्तं झालं!" प्रेमिलानं नोझल हातात धरूनच ओरडून सांगितलं, आणि अख्खी रांग हसली. आपल्या बोलण्यावर इतकी माणसं हसतात हे तिला आजच कळत होतं. मग ती बोलतच सुटली. कोणाला म्हणाली, टाकी हाय का विहीर? कोणाला म्हणाली, सासऱ्याची गाडी दिसते, तुमी तर दाबून भरून राह्यले! लोकही तिला बाई, मावशी, ताई जे सुचेल ते म्हणत होते. दर दोन मिनिटांनी कोणी तरी तिला हाक मारत होतं. तिला इतका आनंद झाला होता की हात दुखतोय हे कळायलाही वेळ नव्हता.

दुपारी भैयाजी आले. गाडी रांगेतून आत येईना, म्हणून ती रस्त्यावरच सोडून धोतर सावरत चालत आले. हातात संत्रा बर्फीचा डबा.

"प्रेमिलाबाई! हे काय करून ठेवलं तुम्ही!"

"मी नाई जी, सरकारनं केलं."

"घ्या, घ्या, बर्फी घ्या."

तिचे दोन्ही हात पेट्रोलचे. तिनं तोंड पुढं केलं आणि भैयाजींनी, नागपुरात चार दुकानं असलेल्या माणसानं, लाजत लाजत तिच्या तोंडात बर्फी घातली. रांगेतून कोणी शिट्टी मारली.

"भैयाजी, मंग महिनाअखेरचं काय?" तिनं बर्फी गिळता गिळता विचारलं.

"कायचं महिनाअखेर? कोण बंद करते पंप? अजून दोन माणसं घेतो मी. तुम्ही सांगा, कोण पाहिजे ते!"

तिला वाटलं, हे आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगावं. सांगायला एकच माणूस होता. रात्री तो ताटावर बसला की काय म्हणायचं, ते ती नोझल दाबता दाबता जुळवू लागली. तुमच्या पंपावर आज माश्या तरी आल्या का, का त्याबी इकडंच आल्या? हे तिला फार आवडलं. तिनं मनातल्या मनात ते दोनचारदा म्हणून पाहिलं आणि एकटीच हसली.

तीनच्या सुमारास यमुताई आली. सौंसरच्या बाजारात भाजी विकणारी, लहानूच्या पंपावरचं जुनं गिऱ्हाईक. स्कुटीला पुढं मेथीच्या जुड्या लटकलेल्या.

"प्रेमिला वं, लहानूभाऊच्या पंपावर कोणी कुत्रं नाई आज," ती म्हणाली. "माह्या स्कुटीचा आवाज ऐकला न भाऊ उठून उभा राह्यला. पाइप हातात घेतला. आन मी काय केलं सांगू? हात हालवला आन तशीच पुढं आली."

प्रेमिला मोठ्यानं हसली. इतकी की मागच्या माणसानं विचारलं, काय झालं?

"मले लाज वाटली बाई," यमुताई म्हणाली. "पण भाजीच्या धंद्यात काय उरते? दोन रुपये म्हणजे दोन रुपये. तो तसाच उभा होता पाइप घेऊन. मी आरशात पाह्यलं."

प्रेमिला अजून हसतच होती, पण हसू कुठं तरी अडकलं. लहानू पाइप हातात घेऊन उभा आहे, काळा चष्मा लावून, आणि समोर गाडी नाही. हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. "किती टाकू यमुताई?" तिनं विचारलं आणि झिरो दाखवायचं विसरली. यमुताईनंच आठवण करून दिली.

लहानू साडेचारला आला. एरवी त्याची सुट्टी सातला.

तिला आधी लाल शर्ट दिसला. रांगेच्या पार शेवटी, रस्त्याच्या कडेला, आपली जुनी मोपेड पायांमध्ये धरून तो उभा होता. बायकोच्या पंपावर आलेला माणूस सरळ आत येऊ शकला असता. तो रांगेत उभा राहिला. गाडी सुटली की पायानं मोपेड ढकलायचा, पुन्हा थांबायचा. चष्मा शर्टाच्या खिशात होता.

त्याच्या पुढच्या माणसांनी एकेक करून मागं वळून पाहिलं, आणि मग कोणी वळेना. सगळी त्याचीच गिऱ्हाइकं. चौदा वर्षांची. एकानं एकदम मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं. एकानं तर उभ्या गाडीवर हेल्मेट चढवलं आणि काच खाली ओढली.

रांग सरकत सरकत मोपेड प्रेमिलासमोर आली.

"लवकर सुटले?" तिनं विचारलं.

"मालक म्हणे, गाड्याच नाई तं तीन माणसं बसवून काय करू? दोघं जवान हाय. उद्यापासून बोलावलं तर यायचं म्हणे." त्यानं टाकीचं झाकण उघडलं. "बोल ना वं. दिवसभर जमवून ठेवलं असशीन काहीबाही. मी आठ महिने बोललो, आता तुह्यी बारी."

ते वाक्य तिच्या अगदी ओठांवर होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. दाढीचे पांढरे खुंट, लाल शर्टाची विरलेली कॉलर. ती तिनंच उलटून शिवून दिली होती.

"भैयाजी दोन माणसं घेऊन राह्यले," ती हळू आवाजात म्हणाली. "बोलू का तुमच्यासाठी? आतच बसले हाय."

"नको." तो पटकन म्हणाला. "आज नको बोलू. लोक पाहून राह्यले."

तिनं टाकी भरली. त्यानं खिशात हात घातला तेव्हा ती रागानं म्हणाली, "ठेवा ते." पण त्यानं पैसे तिच्या हातात ठेवले, चुरगळलेले नव्हे, नीट सरळ केलेले, जसे गिऱ्हाईक देतं तसे.

तेवढ्यात मागं ओरडा झाला. दोघं मधेच घुसले होते, एकाची कॅन लाथेनं उलटली, पेट्रोल सांडलं. शिव्या सुरू झाल्या. बाजूलाच भुट्ट्यांची शेगडी पेटलेली होती. गिरिधर डिझेलकडे अडकला होता आणि भैयाजी केबिनच्या दारात नुसतेच "अरे, अरे" करत होते.

लहानूनं मोपेड भिंतीला टेकवली. लाल शर्ट काढला, घडी घालून डिकीत ठेवला. नुसत्या बनियनवर तो सरळ गर्दीत शिरला.

"ए! ती शेगडी विझव आधी! माती टाका गा सांडलं त्यावर. वामन, तू मागं हो. मागं म्हणलं ना! पहिले गाड्या बंद करा सगळ्यांनी. बंद! प्रकाश, तुले अलग सांगू का?"

सगळ्यांना नावानं. एकाही नावाला तो अडखळला नाही. गाड्या बंद झाल्या, माती पडली, रांग सरळ झाली. हेल्मेटवाल्याची काच त्यानं बोटानं वर केली. "लेका, ओळखतो मी तुले. पुढं सरक."

हेल्मेटमधला माणूस ओशाळून म्हणाला, "लहानूभाऊ, इकडं कामानं आलो होतो, म्हणून भरून घेतो. उद्या तिकडंच येतो तुमच्याकडं."

"कायले येतं? इथं सस्तं हाय." लहानूनं त्याच्या गाडीला मागून हात लावला आणि ती स्वतः ढकलत प्रेमिलासमोर आणून उभी केली. "भर वं याची. फुल कर."

मग तो पुढच्याकडे वळला, आणि त्याच्या पुढच्याकडे. आपलं एकेक गिऱ्हाईक खांद्याला धरून तो तिच्यासमोर आणून देत होता. आवाज त्याचा नेहमीसारखाच, मोठा, चढेल. फक्त तिच्याकडे पाहत नव्हता.

प्रेमिला भरत राहिली. सकाळपासून तिला वाटत होतं, ही रांग अशीच राहावी, कधी संपूच नये. आता दिवसभरात पहिल्यांदा तिच्या मनात आलं की पुरे झालं, संपावी. ती मान वर करून रस्त्याकडे बघायची. वळणापलीकडून गाड्या येतच होत्या.