जवसाच्या तेलातलं ब्लेड

दहाव्याला तलावावर निघताना माझी नणंद सुशिलाबाई कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, आज तरी रड वो. लोकं का म्हणतीन?"

लोक घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत. नवरा गेला तरी माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, हे खरं. पण मी ते मुद्दाम करत नव्हते. गाईला चारा घातला, आलेल्यांना पाणी दिलं, अंगण झाडलं. हात तेवढे चालत होते, आत काहीच हलत नव्हतं. रडू यावं असं मलाही वाटत होतं, पण ते काय मागून मिळतं?

सुशिलाबाईनं माझ्या नवऱ्याच्या वापरातल्या वस्तूंचं गाठोडं बांधलं होतं. अंथरूण, चपला, आरसा, काचेचा गिलास, दाढीचं सामान. ते तलावावर टाकून यायचं, अशी आमच्याकडे रीत. त्यातच मलमाची जुनी काचेची डबी होती. डबीत जवसाचं तेल आणि तेलात त्यांचं ब्लेड.

त्या ब्लेडवरून आम्ही जन्मभर भांडलो. हे दाढी आंघोळीनंतरच करायचे. "केस भिजला का नरम, ब्लेडले मेहनत कमी." मग ब्लेड धुवायचं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं टिपायचं, काचेच्या गिलासात आतून घासायचं आणि तेलात बुडवायचं. धानाच्या रोवणीला काढलेलं ब्लेड कापणीपर्यंत चालायचं. मी त्यांना मक्खीचूस म्हणायचे, ते हसायचे. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा दाढी मीच करून द्यायचे. हे खाटेवरून रोज विचारायचे, "पुसलं का वो?" त्या प्रश्नाचा मला असा राग यायचा की सांगता सोय नाही.

मुलगा दुर्गेश दर दिवाळीला नागपूरहून नव्या ब्लेडची पाकिटं आणायचा. यांनी ती पेटीत तशीच ठेवली होती. त्या सकाळी मी सगळी काढून दुलीचंद न्हाव्याच्या हातात दिली. भाऊबंदांची डोकी करायची होती, घरात असताना विकत कशाला आणायची?

तलावाच्या पाळीवर पुरुष रांगेत बसले. आधी दुर्गेश. दुलीचंद ब्लेड मधोमध मोडायचा, अर्धं उस्तऱ्यात बसवायचा, एक डोकं झालं की फेकायचा. पुन्हा कट् आवाज, पुन्हा नवं. यांनी वर्षानुवर्षं जपलेलं एका सकाळीत सरलं. मी बायकांत बसून बघत होते. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेवटी माझा धाकटा दीर मुन्नालाल राहिला. डोकं भिजवून बसला होता बिचारा. दुलीचंदनं पाकीट झटकलं.

"वहिनी, ब्लेड सरले. माह्याजवळबी नाही."

डोकं झाल्याशिवाय मुन्नालालचं सुतक कसं फिटणार? मी उठले, गाठोडं सोडलं आणि डबी पुढं केली.

"अवो, ते मेलेल्या मानसाचं हाय!" सुशिलाबाई ओरडली.

"माह्या भावाचंच हाय ना," मुन्नालाल म्हणाला. "चालते."

दुलीचंदनं ब्लेड पुसलं, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. "हे तं नव्यावानी हाय!" म्हणाला आणि मोडलं. अर्ध्यानं मुन्नालालचं डोकं केलं. उरलेलं अर्धं त्यानं माझ्या हातावर ठेवलं.

मी ते पदरानं टिपलं. गाठोड्यातून गिलास काढला, आतून घासलं, पुन्हा टिपलं. तेलात सोडलं आणि झाकण फिरवून घट्ट लावलं.

"वहिनी, का करून राहिली?" सुशिलाबाई माझ्याजवळ आली. "अर्धं ब्लेड कायच्यात बसन? कोनासाठी ठेवतं ते?"

"हे इचारतीन ना," मी म्हणाले, "पुसलं का म्हनून."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. आता विचारणारं कुणीच नव्हतं. मग जे रडू आलं ते आवरेना. डबी पोटाशी धरून मी पाळीवर बसले, आणि शेवटी सुशिलाबाईच माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणू लागली, "पुरे वो वहिनी, पुरे आता."