राष्ट्राध्यक्षांच्या बोटांखालची कळ

मित्रांनो, तारयंत्राची मी एक जुनी पितळी कळ. अँडीजमधल्या एका खाणस्थानकाच्या मेजावर मला स्क्रूंनी बसवले, त्याच वर्षी फिदेन्सियो अरान्सिबिया तेथे तारबाबू म्हणून रुजू झाले. मुख्य तारबाई सेलेदोनिया त्यांना शिकवीत. तरतरी आणणारी कोकाची पाने गालात धरून त्या म्हणत, "अरे, तार ठोकतोस की मका कुटतोस? मनगट सैल सोड!"

तारेच्या कामात प्रत्येकाचा 'हात' निराळा असतो. ठोक्यांवरून माणूस ओळखता येतो. फिदेन्सियो तारेच्या ठिपके-रेघांच्या लिपीतल्या प्रत्येक रेघेनंतर, म्हणजे लांब ठोक्यानंतर, किंचित थबकत. माझी स्प्रिंग त्या थबकण्याला जुळवलेली होती.

खाणकामगारांच्या संपात त्यांनी कामगारांची बाजू घेतली. पुढे ते संसदेत प्रतिनिधी झाले, मंत्री झाले आणि १९१३ साली राष्ट्राध्यक्ष. राजधानीला निघताना त्यांनी मला सोबत घेतले.

"बाई, माझ्या नावाने कोणीही तार ठोकील. माझा हात ओळखल्याशिवाय काही मानू नका."

"हात काय, तुझी शिंकसुद्धा ओळखेन! पळ, गाडी सुटेल."

पहिले वर्षभर ते रोज संध्याकाळी स्वतः मला ठोकून तारेवरून बाईंशी बोलत. वर्तमानपत्रांत माझे कौतुक छापून आले. मग आठ तासांच्या कामाचा कायदा झाला आणि खाणमालकांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाकडे पाठ फिरवली. लांबलचक मेजावर फिदेन्सियोसाहेब एकटेच जेवत. एकदा ते माझ्यापाशी बसले, तेव्हा कारकून ओब्दुलियो म्हणाला, "साहेब, हे आपल्याला शोभतं का? सरका, मी ठोकतो." साहेब सरकले. ओब्दुलियोने माझी स्प्रिंग आपल्या हातासाठी घट्ट आवळली. त्यानंतर चार वर्षे साहेबांचे बोट मला लागले नाही.

एके सकाळी राजधानीतल्या छावणीने बंड केले. ओब्दुलियो पळाला. एकनिष्ठ पलटण खाणस्थानकावर गाडीत बसून तयार होती. फक्त हुकूम हवा होता. बंडखोरांनी साहेबांच्या नावाने दोन खोट्या तारा आधीच तिकडे धाडल्या होत्या. साहेब माझ्यापुढे बसले. बोटांची सवय मोडली होती, स्प्रिंग ताठ होती. ते थबकणे काही केल्या जमेना.

"बाई, मी फिदेन्सियो. पलटण ताबडतोब पाठवा."

उत्तर खणखणले: "तिसरा लबाड! माझ्या फिदेन्सियोचा हात असा नाही."

"मीच आहे, बाई."

तिकडून तार बंद झाली. साहेबांनी बराच वेळ बोट माझ्यावरच ठेवले.

"बरोबर वागलात, बाई," रिकाम्या दालनात ते म्हणाले. दुपारी बंडखोर आत शिरले. साहेबांना जहाजावर चढवले गेले. परदेशातच ते वारले.

आता मी संग्रहालयात काचेआड असते. दर सोमवारी मला चकाकवतात. दाबून मात्र कोणी पाहत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाला निरोप आपल्याच हाताने धाडा, थोडा का होईना, पण नेमाने. नाहीतर ज्या दिवशी खरी निकड असेल, त्या दिवशी तो तुम्हाला ओळखणार नाही आणि चूक त्याची नसेल.