दोन्ही हातांनी घेतलेली वाटी

मित्रांनो, मी आता जुना झालो. मी रेकॉर्डर आहे, माणसांचं बोलणं साठवून ठेवणारा. मधल्या बोटाएवढी माझी उंची, आणि सेलचं झाकण तुटलंय म्हणून कमरेला रबरबँड. एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढे म्हणाल की हा थापा मारतो. माझा दिवा लागलेला असला तरच मला ऐकू येतं. दिवा विझला की मी ठार बहिरा. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथंच आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट मोकपो नावाच्या बंदराच्या शहरातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात, मो नावाच्या बातमीदाराच्या खिशात. काय दिवस होते ते! बंदरावरचा संप, मासळीबाजारातली आग, निवडणुकीतली भांडणं, सगळं माझ्या पोटात. एकदा एका नगरसेवकाने "मी असं बोललोच नाही" म्हणून कांगावा केला. मोसाहेबांनी चारचौघांत मला टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. नगरसेवकाचाच आवाज बाहेर आला. "दिसायला एवढुसा आहे, पण याच्यापुढे कुणाची लबाडी चालत नाही," असं साहेब कौतुकाने सांगायचे. मी फुगून जायचो. मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि मला कुणी विचारेना. ड्रॉवरमध्ये किती वर्षं पडून होतो, कोण जाणे. बहिऱ्याला दिवस मोजता येत नाहीत.

पुढे दिवा लागला तेव्हा मोसाहेब निवृत्त होऊन मास्तर झाले होते. विद्यापीठात संध्याकाळचा वर्ग घ्यायचे. पदवीनंतरचा, एक वर्षाचा, पत्रकारितेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. वर्गात सगळी पोरंसोरं, आणि त्यांच्यात एकटी सत्तेचाळीस वर्षांची को उनसुक. एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती सहाशे मुलांचं जेवण रांधायची. घरी अभ्यास करत करत पंचेचाळिसाव्या वर्षी तिने पदवी मिळवली होती. तिच्या फोनमध्ये तळणाचं तेल जाऊन त्यावर रेकॉर्डिंग होईनासं झालं होतं, म्हणून साहेबांनी मला तिच्या हातात दिलं. "जुना आहे, पण दगा देणार नाही," म्हणाले.

दिवसभर कढईपुढे उभी राहून आल्यावर तिला वर्गात डुलकी लागायची. म्हणून ती मला पहिल्या तासापासून चालू ठेवायची. त्यामुळे पोरांची चेष्टाही माझ्यात साठली आहे.

"मावशी, आज काय तळलंत? तुम्ही आलात की भूक लागते हो!"

"तुझी जीभ तळते, थांब. लांब आहे, वर्गाला पुरेल."

हसायची, पण ती तिथे हसायला आली नव्हती. ती आली होती मालसुनताईसाठी.

ब्योन मालसुन तिच्याहून बारा वर्षांनी मोठी. अकरा वर्षं दोघी एकाच कढईवर होत्या. कांदा कसा चिरायचा इथपासून मुख्याध्यापकांपुढे कसं उभं राहायचं इथपर्यंत, उनसुकला सगळं तिनेच शिकवलेलं. तिला फुप्फुसाचा कर्करोग झाला. जन्मात सिगरेट ओढली नव्हती तिने. शेजारीपाजारी म्हणाले, नवरा ओढायचा ना, त्याचाच धूर. एक बातमीदार आला, दहा मिनिटं बसला, फोटो काढला आणि तीन ओळी छापल्या. तिने भरपाईसाठी अर्ज केला, तर कामामुळे आजार झाला का हे ठरवणाऱ्या कार्यालयाने तो नाकारून कळवलं की कढईवरचा धूर ओढणारा पंखा चालू होता, दर महिन्याच्या तपासणीच्या कागदावर तसा शिक्का आहे. पंखा दोन वर्षं मेलेला होता हे स्वयंपाकघरातल्या सगळ्याजणींना माहीत होतं. पण नोकऱ्या कराराच्या. कोण तोंड उघडणार?

"दुसऱ्याच्या लेखणीची किती वाट बघायची?" उनसुक म्हणाली. "मीच शिकते, मीच लिहिते." वर्षाच्या शेवटी एक मोठा वृत्तलेख लिहायचा असे. तिचा लेख पक्का झाला तर आपल्या जुन्या वर्तमानपत्रात छापून आणायचं मोसाहेबांनी कबूल केलं होतं. ताईचा अर्ज पुन्हा उघडायला तेवढा एकच रस्ता उरला होता.

मला घेऊन ती इस्पितळात गेली.

"काय बोलू गं?" ताईचा आवाज धापा टाकत आला. "पाचशे कटलेटं तळायची म्हणजे समोरची बाई दिसायची नाही, इतका धूर. पंख्याचं सांगायला गेले, तर म्हणे पुढच्या वर्षी. उनसुक, मला बाकी काही नको. ही बाई खोटं बोलत नाही, एवढं कुणीतरी एकदा म्हणू दे."

ते म्हणू शकणारा माणूस एकच होता. शाळेचे निवृत्त हेडक्लार्क, बांगसाहेब. कागदावरचे शिक्के त्यांचे. मुआनजवळ एका खेड्यात ते कांदे लावून राहत होते. दोन रविवार त्यांनी उनसुकला दारातूनच घालवलं. तिसऱ्या रविवारी आत घेतलं. "ते यंत्र आहे ना? असू दे, चालू दे," म्हणाले. मी कान टवकारले. कांद्याचा भाव, गुडघा, यंदाची थंडी. मग माक्कॉलीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली हलवल्याचा आवाज आला. "घे, पोरी. एवढ्या लांबून आलीस."

आमच्याकडे वडीलधाऱ्याने ओतलं की वाटी दोन्ही हातांनी घ्यायची आणि तोंड बाजूला वळवून प्यायची. त्यात विचार करायचा नसतोच, हात आपोआप पुढे होतात. मी तिच्या उजव्या हातात होतो. म्हाताऱ्या माणसाने पाहुणचार मांडला असताना मध्ये दिवा पेटवून यंत्र ठेवायचं, हे तिला कसंसंच वाटलं. तिने बटण दाबलं, मला पिशवीत टाकलं आणि दोन्ही हात पुढे केले.

पुन्हा दिवा लागला तेव्हा बसची घरघर होती आणि उनसुक माझ्याशीच बोलत होती. "तुला परत चालूच केलं नाही रे मी! दोन तास! तो सगळं बोलला. मोटर जळली होती म्हणाला, तीनदा दुरुस्तीला लिहिलं म्हणाला, वरून नाही आलं म्हणून सव्वीस महिने नुसते शिक्के मारले म्हणाला. मालसुनची माफी माग माझ्या वतीने, म्हणाला. रडला रे तो. आणि मी मेली वाटीत बघत बसले!"

तिने तिथूनच फोन लावला, मला फोनला चिकटवून.

"कसला पंखा?" म्हातारा म्हणाला. "मी प्यायलो होतो. काय बोललो असेन ते असेन. माझा मुलगा शिक्षण खात्यात आहे, पोरी. आता परत येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मोसाहेबांनी विचारलं, "रेकॉर्डिंग?"

"नाही."

"टिपण?"

"हात मोकळे नव्हते, सर."

"दुसरं कुणी हजर होतं?"

"त्यांचं कुत्रं."

कुणीच हसलं नाही. साहेब म्हणाले, "ते वाक्य जाणार नाही. तो नाकारेल, खटला भरेल, तुझी नोकरी जाईल आणि तिचा अर्ज कायमचा बुडेल."

"सर, मी या कानांनी ऐकलंय."

"मला माहीत आहे गं. पण वाचकाला तुझे कान कुठून दाखवू?" आणि मग हळूच म्हणाले, "हा चालू असता तर तो बोलला असता की नाही, तेही देवाला ठाऊक."

या वाक्याने मला अजून चैन पडत नाही. बोललाच नसता, असं मानलं तर माझा काही दोष उरत नाही. पण "चालू दे" म्हणाला होता ना तो? ते माझ्यात आहे, आजही ऐकवतो.

लेख झाला. शाळांच्या स्वयंपाकघरांतल्या हवेबद्दल, सरसकट. पंखा त्यात नव्हता. गुण चांगले मिळाले, पण छापण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. उनसुकच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. ते घेऊन ती इस्पितळात गेली. ताईने त्याच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"तो बोलला?"

"बोलला, ताई. सगळं बोलला."

"मला ऐकव. त्याच्या आवाजात ऐकव."

उनसुकला नाही म्हणवेना. तिने बटण दाबलं आणि मी म्हणालो, गुडघा फार दुखतो बघ. घे, पोरी. एवढ्या लांबून आलीस. टक्.

"पुढे?"

"पुढे नाहीये."

"पुन्हा लाव."

मी पुन्हा म्हणालो. टक्. तिसऱ्यांदाही म्हणालो. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. साठवणं हे माझं एकच काम, आणि हवं तेवढंच माझ्यापाशी नव्हतं.

"वाटी एका हाताने घेतली असतीस," मालसुनताई म्हणाली, "तर काय आभाळ कोसळलं असतं का गं?"

आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. पलंग करकरला. तिने भिंतीकडे तोंड केलं असावं, कारण पुढचा श्वास लांबून आला. नवव्या दिवशी ती गेली. अर्ज पुन्हा उघडणार नाही, असं पत्र त्यानंतर आलं.

माझ्यात शेवटी जे साठलं आहे ते उनसुकचं बोलणं. म्हाताऱ्याचा शब्द न् शब्द तिने स्वतःच्या आवाजात मला सांगून ठेवला आहे, मध्ये रडत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. सगळं खरं आहे, आणि कशाच्याही कामाचं नाही. त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. ती अजून त्याच कढईवर आहे.

माझ्यासारख्या वस्तू अखेरीस म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू, सेल काढून घेतलेत तरी चालेल. पण उद्या शाळेत जेवायला बसाल तेव्हा आधी स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकवा आणि वरचा पंखा फिरतोय का बघा. नसेल फिरत तर मोठ्याने विचारा, का नाही फिरत म्हणून. त्या शाळेत रोज सहाशे मुलं जेवत होती. त्यांतल्या एकाने जरी वर पाहिलं असतं, तरी मालसुनताईला साक्षीदार मिळाला असता.