नौतपा संपला म्हणे

रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये उन्हाळा पंचांग बघून यायचा आणि पंचांग बघूनच जायचा. मे महिना सरता सरता सूर्य आग ओकतो म्हणतात, ते नऊ दिवस म्हणजे नौतपा. त्या नऊ दिवसांत दुपारी बारा ते चार भट्टीवर काम बंद, शेडमध्ये मठ्ठ्याचा ड्रम आणि बर्फाच्या लाद्या. दहाव्या दिवशी सगळं गुंडाळायचं. वर्षानुवर्षांची रीत, आणि रीत आली की अक्कल रजेवर जाते.

यंदा नौतप्यात आभाळ भरून आलं, दोनदा सरीही पडल्या. खरं ऊन तापलं ते नंतर. प्रथमोपचार खोलीतली नर्स सुनेत्रा वानखडे रोज दुपारी शेडमधलं तापमान वहीत टिपायची. तीन जूनला सत्तेचाळीस भरलं, तशी ती वही घेऊन मॅनेजर शिरीष केळकरांकडे गेली.

"साहेब, बर्फ काहून बंद केला? नौतप्याहून आता जास्त तापून राहिलं."

"सुनेत्राताई, नौतपा संपला ना. इथे सगळे असंच पाळतात."

"ऊन काय पंचांग वाचून येते? पयले असं होत नव्हतं साहेब. आता ऋतूच जागेवर नाही राह्यले."

"दोन दिवसांत पाऊस येईल," केळकर म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले. परवा पर्यावरण दिन होता आणि भाषण त्यांचंच होतं. विषय, हवामान बदल आणि मानवजात. त्यात हिमनद्या होत्या, समुद्र होते, ध्रुवावरची अस्वलं होती. रायपूर तेवढं नव्हतं.

पाच जूनला दुपारी एक वाजता भट्टीवरच्या दयारामला चौघांनी उचलून आणलं. दोन पोरींचा बाप, जेमतेम बत्तिशीचा. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप, घामाचा टिपूस नाही, तोंडाने नुसती बडबड. नळाचं पाणीसुद्धा कढत होतं.

"बर्फ आणा!" सुनेत्रा ओरडली.

"बरफ तो बंद हे दीदी," त्याचा जोडीदार भैय्यालाल रडवेला होऊन म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती धावतच सभागृहात शिरली. आत एसीने हुडहुडी भरत होती आणि केळकर पडद्यावर वितळत्या हिमनद्या दाखवत होते. मागच्या टेबलावर पाहुण्यांच्या पन्ह्यासाठी बर्फाचं घमेलं भरून ठेवलेलं. तिने ते उचललं.

"अहो, ते पाहुण्यांचं आहे!" केळकर माइकवरच बोलले.

"गरम पाजा त्याइले!" ती म्हणाली. "तिकडे माणूस मरून राहिला!"

मान, काखा, जांघा, जिथे जमेल तिथे तिने बर्फ लावला. अ‍ॅम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. पाच वाजता दवाखान्यातून फोन आला, दयाराम गेला.

केळकर खोलीत आले तेव्हा त्यांचाही चेहरा उतरलेला होता. तरी बोलले ते हेच. "रजिस्टरमध्ये लिहा, उपाशीपोटी कामावर आल्यामुळे चक्कर. घरच्यांनाही त्रास नको."

सुनेत्राने दयारामचा डबा उघडून त्यांच्यासमोर आदळला. तळाशी बासीची, पाण्यात भिजवलेल्या शिळ्या भाताची, चार शितं आणि कांद्याची साल.

"उपाशी? हे पाहा, जेवला होता तो. आणि तुमी सांगा त्याच्या पोरींले, बाप कायनं मेला."

तिने रजिस्टर ओढलं आणि ठळक अक्षरांत 'उष्माघात' लिहिलं.

केळकरांनी चष्मा सारखा करून तो शब्द वाचला. मग अगदी प्रामाणिकपणे त्यांनी विचारलं, "पण सुनेत्राताई, नौतपा तर संपला होता ना?"